पाठमोरे नाना

नाना खेळाकडे पाठ करून उभे राहायचे. मैदानावर दहा पोरं धावताहेत, चेंडू या टोकाकडून त्या टोकाला चालला आहे, आणि शिकवणारा माणूस तोंड करून उभा आहे तो कुंपणापलीकडच्या बाभळीकडे. नव्या माणसाला वाटायचं, हे कुणावर तरी रुसलेले दिसतात. एवढ्यात नाना मान न वळवता म्हणायचे, "भिला, डावा पाय ओढतोस. आणि उत्तम, चेंडू हातात घेऊन विचार करू नकोस. विचार घरून करून ये." उत्तम म्हणजे मी. दोन्ही गोष्टी खऱ्या असायच्या.

मी एकदा धीर करून विचारलं की तुम्ही आमच्याकडे का पाहत नाही. नाना म्हणाले, "डोळ्यांना खेळ फार आवडतो रे. आवडत्या माणसाबद्दल कुणी खरं सांगतं का? कानाला आवडनिवड नसते. टप्पा कसा पडला, पाऊल कसं पडलं, एवढंच तो सांगतो."

तेव्हा आमचं धुळ्याचं कॉलेज अगदी नवं होतं. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. वर्ग इंटरपर्यंतच होते, पदवीचे नव्हते, आणि बहुतेक मुलं खेड्यांतली. मी सोनगीरजवळचा. माझ्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकच्या पलीकडे गेलं नव्हतं, त्यामुळे कॉलेजात नक्की कसं वागायचं हे मला सांगणारं कुणी नव्हतं. मी सगळ्यांच्या मागे बसायचो आणि विचारलं तरच बोलायचो. अशा मुलाला बास्केटबॉलच्या संघात कोण घेईल? नानांनी घेतलं. पहिल्या दिवशी आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करून त्यांनी एकेकाकडे लिंबू फेकलं. माझ्याकडे आलेलं लिंबू मी झेललं आणि ते त्यांना नेऊन दिलं. बाकीच्यांनी परत फेकलं होतं. पोरं हसली. नाना म्हणाले, "हा माणूस वस्तू हातातून सोडत नाही. सोडायला मी शिकवीन."

त्यांना सर म्हटलेलं चालत नसे. "सर म्हटलं की मागं कोणी साहेब उभा आहे की काय असं वाटतं," म्हणायचे. म्हणून सगळे त्यांना नाना म्हणत, आणि त्यांच्या माघारी पाठमोरे नाना.

ते मूळचे साक्रीकडचे, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातले. तरुणपणी आग्रा रोडने वर माळव्यात मजुरीला गेले. तिथल्या एका संस्थानात राजवाड्याचं काम चाललं होतं. नानांचं काम खालून वरच्या मजल्यावर वीट फेकण्याचं. वर उभा असलेला गडी वीट झेलायचा आणि गवंड्याच्या हातात द्यायचा. नानांची वीट अशी जायची म्हणे, की वरच्या गड्याला हात हलवावाच लागत नसे. त्या महाराजांना तेव्हा बास्केटबॉलचं नवं वेड लागलं होतं. त्यांच्या गोऱ्या शिक्षकाने विटा फेकणारा हा उंच गडी पाहिला आणि दुसऱ्या दिवशी नानांच्या हातात विटेऐवजी चेंडू आला. पुढे कित्येक वर्षं खेळणं हीच त्यांची नोकरी होती. संस्थानच्या संघातून ते लाहोर, कलकत्त्यापर्यंत खेळून आले. त्यांच्या गावात हे कुणालाच पटत नसे. "खेळाचा पगार? आणि तो कोण देतो?" असं त्यांची आई शेवटपर्यंत विचारत राहिली.

आम्हाला चेंडू द्यायला शिकवताना त्यांचं एकच सांगणं असे. "वीट फेकतोय असं समजा. वरच्याचा हात जिथं आहे तिथं वीट गेली पाहिजे. त्याला वाकायला लावलंत तर तो पडेल, आणि वीट खाली आली तर तुमच्याच डोक्यात."

मग महाराजांचं मन बदललं. खेळावरून उठून ते कुत्र्यांवर बसलं. एका सकाळी खेळाडूंना सांगण्यात आलं की कोठीत गणवेश जमा करा. त्यात कुणाचा दोष नव्हता, असं नाना सांगायचे. मालकाचा शौक संपला, एवढंच. ते धुळ्याला परतले आणि कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात वजनाच्या काट्यावर उभे राहिले. बोज्यांचं वजन करायचे आणि ते बाजूला लावायचे. कॉलेज निघेपर्यंत ते तेच करत होते.

हे सगळं त्यांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "आता माझं इथलं ऐका. कॉलेज चालवणाऱ्या मंडळाने मला एक वर्ष दिलंय. माघात नाशिकच्या कॉलेजचा संघ येणार आहे. तो सामना जिंकलो तर मी कायम. नाही जिंकलो तर माझ्या जागी कवायत शिकवणारे एक गृहस्थ येतील. जिनातली माझी जागा मुकादमाने राखून ठेवलीय. तेव्हा माझं पोट तुमच्यावर अवलंबून नाही, हे लक्षात ठेवून खेळा." मग म्हणाले, "पण मला पुन्हा काट्यावर उभं राहायचं नाही, हेही लक्षात ठेवा."

एवढं सरळ बोलणारा मोठा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

अडचण होती ती मैदानाची. कॉलेजला मिळालेली जागा काळ्या मातीची. पावसाळ्यात तिथे पाय रुतायचा आणि पाऊस सरला की भेगा पडायच्या. मुरूम टाकून पाहिला, तो महिनाभरात कुठे गेला ते कळलं नाही. चेंडू आपटला की वर येण्याऐवजी भलतीकडेच पळायचा. गावाकडच्या लोहाराने बैलगाडीच्या चाकाला असते त्या धावेच्या लोखंडातून टोपल्यांसाठी कड्या वळवून दिल्या, सुताराने फळ्या दिल्या, पण खाली जमीनच धड नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी नानांनी आम्हाला मैदानाच्या मध्यभागी बसवलं.

"तुमच्यापैकी कुणाच्या घरी खळं करत नाहीत?"

कुणीच हात वर केला नाही. ज्वारी-बाजरीच्या मळणीसाठी जमीन खणून, पाणी मारून, चोपून, शेणाने सारवून खळं करतात, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर आलेलं.

"मग इथं खळं करू. चोपून केलेल्या खळ्यासारखा टप्पा सिमेंटलाही येत नाही."

 भिला म्हणाला, "नाना, कालिजमा यीसन शेण सारवाणं?" भिला आमच्यातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात चांगला खेळणारा. तोही साक्रीकडचाच, म्हणून नानांशी तो कधी कधी घरच्या अहिराणीत बोलायचा. पण त्या प्रश्नात आम्ही सगळेच होतो. ज्या कामातून सुटायला म्हणून आईबापांनी आम्हाला इथे पाठवलं, तेच काम शहरातल्या मुलींच्या आणि वकिलांच्या पोरांच्या देखत करायचं?

नाना म्हणाले, "लाज वाटते ना? वाटू दे. लाज वाटली तरी हात चालतात."

हात चालले. दिवाळी झाल्यावर आम्ही ती जमीन खणली, ढेकळं फोडली, पाणी सोडलं आणि पोरांनी ओळीत उभं राहून ती तुडवली. भुसा टाकला, चोपणीने चोप चोप चोपली, वाळत आली की पुन्हा चोपली. मग सारवण. पहिल्या दिवशी आम्ही कॉलेज सुटल्यावर, कुणी नाही असं पाहून सारवायला बसलो. आठवड्याभराने भर दुपारी बसू लागलो, आणि एकमेकांच्या हाताला नावं ठेवू लागलो. "अरे, तुनी माय असं सारवस का? बठ्ठं खडबडीत करी टाकं!" वकिलाच्या एका मुलाला संघात यायचं होतं. नानांनी त्याला आधी बादली दिली.

खळं असं उतरलं की बघत राहावं. चेंडू टाकला की टण्‌ आवाज करून सरळ हातात. नानांनी डोळे मिटून तो आवाज ऐकला. म्हणाले, "आता मला काही दिसत नसलं तरी चालेल."

पण त्या खळ्याबरोबर एक गोष्ट आली, तिचा विचार कुणीच केला नव्हता. आमच्याकडे खळ्यात पायताण घालून जात नाहीत. धान्य यायची जागा ती. हे कुणी कुणाला शिकवत नाही. पाय आपोआप कडेला थांबतात. मंडळाच्या अध्यक्षांनी, आम्ही त्यांना शेठजी म्हणायचो, खटपट करून जळगावहून आमच्यासाठी कॅनव्हासचे बूट आणवले होते. युद्धानंतरच्या त्या दिवसांत ते मिळणं सोपं नव्हतं. आम्ही ते मोठ्या आनंदाने घालायचो, मैदानापर्यंत चालत जायचो, आणि कडेला काढून ठेवायचो. नानांनी एकदोनदा सांगून पाहिलं. मग एका संध्याकाळी मी पाहिलं, त्यांच्या स्वतःच्या वहाणाही कडेलाच होत्या.

माघात नाशिकचा संघ आला. आजूबाजूच्या गावांतून माणसं आली होती, कारण पोरांनी शहरात खळं केलंय ही बातमी सामन्यापेक्षा मोठी झाली होती. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, बाजाराची गाडी सोडून तिथे येऊन बसले होते. कड्यांकडे बघत त्यांनी मला विचारलं, "टोपलीले बूड नही का?"

"नाही आबा. चेंडू खाली पडायला हवा."

"मंग टाकाना कसाले?"

मग टाकायचाच कशाला, याचा विचार मी तोवर केला नव्हता. पुढच्या रांगेत शेठजी बसले होते. त्यांची नजर आमच्या अनवाणी पायांवर गेली, मग देवळाबाहेर असावेत तसे ओळीने मांडलेल्या बुटांवर. ते नानांना म्हणाले, "बूट काय आरती करायला आणले होते का?"

"खेळून आले की घालतील शेठजी," नाना म्हणाले.

एवढ्यात नाशिकचा संघ मैदानात उतरला, पांढरे स्वच्छ कपडे आणि पायात बूट. आबा ताडकन उठले. "ओ पोरेसहो! जोडा काढा! खळामा जोडा घालीसन कोन जास?" मागून आणखी पाचपंचवीस आवाज उठले. नाशिकची मुलं गोंधळली. त्यांच्याबरोबर आलेले प्राध्यापक इकडेतिकडे पाहू लागले. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. नाना लंगडत आबांकडे गेले (त्यांचा एक गुडघा संस्थानात असतानाच गेला होता) आणि पाहुण्यांची बाजू घेत हात जोडून म्हणाले, "आबा, पाव्हना शेत त्या. पाव्हनाले काय सांगाव?"

आबा पुटपुटत खाली बसले. "पाव्हना शेत म्हनीसन," ते शेजारच्याला म्हणाले, "नही तर सांगतू."

सामना सुरू झाला आणि नाना नेहमीप्रमाणे पाठ करून उभे राहिले. आम्ही चांगले खेळत नव्हतो. कारण माझं मला कळत होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. नाशिकची मुलं धावत आली, वळली, की त्यांच्या बुटांनी सारवणाचा पापुद्रा सुटायचा. दोन महिने हातांनी केलेलं ते खळं डोळ्यांदेखत उखडत होतं, आणि माझी नजर चेंडूवर न राहता त्या खड्ड्यांवर जात होती. मला वाटलं, मीच एकटा असा आहे. मग चेंडू भिलाच्या हातात आला. समोर मैदान मोकळं होतं. त्याने दोन टप्पे घेतले, आणि थांबला. चेंडू काखेत धरून तो खाली वाकला आणि मोकळ्या हाताने उखडलेलं एक ढेपूळ जागेवर बसवून तळव्याने दाबू लागला.

नाशिकच्या मुलाने त्याच्या काखेतून चेंडू काढून घेतला आणि जाऊन टोपलीत टाकला. शहरातले प्रेक्षक पोट धरून हसले. खेड्यातले मात्र कुणी हसलं नाही.

टप्प्याचा आवाज मध्येच बंद झाला, तेव्हा नाना वळले होते. खेळ चालू असताना मैदानाकडे तोंड करून उभे असलेले नाना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. भिला अजून वाकलेलाच होता.

मध्यंतरात आम्ही त्यांच्याभोवती बसलो तेव्हा आम्ही बरेच मागे होतो. भिला मान वर करत नव्हता. नाना रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "भिला, खळं कशासाठी करतात?"

"मळणीसाठी."

"मळणीला काय फिरतं त्यावर?"

"बैल."

"बैलाला खूर असतात का?"

भिलाला हसू आलं. "असतात."

"मग खळं मोडेल म्हणून बैलाला कुणी उचलून फिरवतं का? अरे, तुडवायलाच केलंय ते. जे खळं मोडलं नाही, त्यात दाणाच पडला नाही असं समज. मोडू दे. तुम्हीही मोडा. खळं करणारे हात तुमचेच आहेत, ते कुठं जात नाहीत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उत्तम, तू इतका वेळ काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडतोयस आणि मिटतोयस. बोल."

मी म्हणालो, "नाना, ते लोक वळताना घसरतात. सारवण सुटलंय तिथं बुटाला पकड नाही. आपल्या पायाला आहे. त्यांना तिकडे, सगळ्यात जास्त उखडलंय त्या उजव्या कोपऱ्यात नेलं तर…"

 सगळे ऐकत होते.

"झालं," नाना म्हणाले. "माझं शिकवायचं राहिलेलं आज याने सांगितलं. उठा."

पुढचा खेळ मी नीट सांगू शकणार नाही, कारण मी त्यात होतो. एवढं आठवतं की आम्ही त्यांना उजव्या कोपऱ्यात नेत होतो, आणि ते घसरत होते, आणि आमच्या पायांची बोटं जमीन धरत होती. भिलाने पहिला चेंडू टोपलीत टाकला तेव्हा आबांनी बसल्या जागेवरून आरोळी दिली, "लाभ!" खळ्यात धान्य मोजताना पहिल्या मापाला आमच्याकडे एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. खेड्यातली सगळी माणसं हसली आणि मग प्रत्येक चेंडूला मोजू लागली. फळ्यावर गुण लिहिणारा मुलगा वेगळं लिहीत होता आणि माणसं वेगळं मोजत होती, पण शेवटी दोघांचाही हिशेब आमच्याच बाजूने निघाला. अगदी थोडक्यात, पण आम्ही जिंकलो. आबा मैदानात आले, अर्थात जोडा कडेला काढून, आणि मला म्हणाले, "बूड नही, पन माल पडस."

शेठजी बोलल्याप्रमाणे वागले. मंडळाच्या पुढच्याच बैठकीत नाना कायम झाले. शिवाय शेठजींनी उत्साहाच्या भरात जाहीर केलं की पुढच्या वर्षी मैदान सिमेंटचं करू. आम्हाला वाटलं, नाना नाही म्हणतील. ते म्हणाले, "फार चांगलं होईल."

भिलाला ते लागलं. "नाना, आणि आपलं खळं?"

"खळं दरवर्षी नवं करतात भिला. जुनं कुणी जपत बसत नाही. आणि तुझी इंटरची परीक्षा जवळ आलीय, ते सोडून तू शेणात काय जीव अडकवतोस?"

मला त्यांचं खरं रूप दिसलं ते यानंतर. कायम झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "चल, जरा जिनापर्यंत जाऊन येऊ." का, ते सांगितलं नाही. जिनात हंगाम जोरात होता. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते आणि यंत्रांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. काट्यापाशी मुकादम उभे होते, नानांच्याच गावाकडचे म्हातारे गृहस्थ. नानांना पाहून त्यांनी काटा दुसऱ्याच्या हाती दिला आणि बाहेर आले.

"आयकं मी," मुकादम म्हणाले. "जिंकनात म्हने. मन खूश व्हयनं नाना." मग त्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला. "पन आयक. मोठा लोकेसनं मन बदलाले येळ लागत नही, तुले मी काय सांगू? तुनी जागा मी ठेयेल शे. कव्हयबी ये."

ते मनापासून बोलत होते. नाना कॉलेजात गेल्यापासून त्यांनी ती जागा राखली होती, आणि तिथे दुसऱ्याला कायम केलं नव्हतं.

 नानांनी वाकून मुकादमांच्या पायाला हात लावला.

"नको ठेऊ भाऊ," ते म्हणाले. "ठेवशी तर मी यीसू."

 मुकादमांनी मान हलवली, ते आत गेले, आणि त्यांनी नानांच्या जागी काट्यावर उभ्या असलेल्या तरुण गड्याला काहीतरी सांगितलं. यंत्रांमुळे शब्द ऐकू आले नाहीत. पण त्या गड्याने डोक्याचं मुंडासं काढून पुन्हा नीट बांधलं, ते मला दिसलं.  परत येताना नानांचा पाय नेहमीपेक्षा जास्त लंगडत होता आणि चाल नेहमीपेक्षा भरभर होती.

जूनमध्ये इंटरचा निकाल लागला. पुढचं शिक्षण पुण्याला घ्यावं लागणार होतं. घरात कुणी पुणं पाहिलं नव्हतं. माझे मामा शिरपूरला धान्याचं दुकान चालवतात. ते मुद्दाम घरी आले आणि म्हणाले, "जा बाबा, पाहून ये. नाही जमलं तर काळजी करू नको. दुकानात गादीवरची एक जागा तुझ्यासाठी राखून ठेवतो."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. आई चुलीपाशी थांबली.  

मी म्हणालो, "मामा, ठेवू नका. दुसऱ्या कुणाला तरी बसवा."